सॅकमधला सहा बाय सहा

कॅमेऱ्याचं वजन दुकानात हातात घेऊन कळत नाही. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना, दोन्ही हात कातळात गुंतलेले असताना आणि सॅक मागे ओढत असताना ते कळतं. म्हणून लांबच्या ट्रेकसाठी मिडियम फॉरमॅट कॅमेरा निवडायचा म्हटलं की लेन्सची नावं मी नंतर वाचतो. मिटल्यावर केवढा होतो आणि बाहेर काढून फोटो घ्यायला किती वेळ लागतो, हे आधी.

*

आकडे मांडून ठेवतो. पेन्टॅक्स ६७, प्रिझम आणि लेन्ससकट, सव्वादोन किलोच्या वर. हॅसलब्लाड ५०० सी/एम, ८० मिलिमीटरची लेन्स आणि मागचं मॅगझिन धरून साधारण दीड किलो. मामिया ७ ला ८० ची लेन्स लावली की सव्वा किलोच्या आसपास. याशिका मॅट १२४ जी अकराशे ग्रॅमच्या आगेमागे. फुजीचा जीए ६४५ आठशेच्या थोडा वर. आणि १९५० च्या दशकातले घडीचे कॅमेरे, म्हणजे फोइग्टलेंडर पेर्केओ किंवा झाइस इकॉनचा नेट्टार, अर्ध्या किलोच्या आसपास.

दिवाळीनंतर सह्याद्रीत माणशी तीन लिटर पाणी घेऊनच निघावं लागतं. फेब्रुवारी उलटला की गडावरच्या टाक्यांचा भरवसा नाही. पेन्टॅक्स आणि पेर्केओ यांच्या वजनातला फरक पावणेदोन लिटर पाण्याएवढा आहे. एप्रिलात कुलंगच्या चढावर पावणेदोन लिटर पाणी म्हणजे काय, हे ज्याने अनुभवलंय त्याला पुढचं सांगायला नको.

*

एवढा त्रास घ्यायचा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर निगेटिव्हच्या आकारात आहे. ३५ मिलिमीटरची फ्रेम २४ बाय ३६. सहा बाय सहाची प्रत्यक्षात ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. भिंतीवर लावायला बारा इंची चौकोनी प्रिंट काढायची, तर सहा बाय सहाची निगेटिव्ह साडेपाच पट मोठी करावी लागते. ३५ मधून तोच चौकोन काढायला जवळजवळ तेरा पट. कोकणकड्याच्या पोटातलं गवत, त्यावरचे पाण्याचे ओघळ, खालच्या दरीतली एकेक वाडी, हे सगळं त्या साडेपाच आणि तेराच्या मध्ये कुठेतरी हरवतं.

*

१२० ची फिल्म कोडॅकने १९०१ साली काढली, ब्राउनी नंबर २ या साध्या डबा-कॅमेऱ्यासाठी. तो रोल आजही तसाच मिळतो: मागे काळा कागद, कागदावर आकडे, मध्ये स्पूल. आपल्याकडे बडोद्याला तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये हाच रोल पडायचा आणि बारा फोटो निघायचे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ छापाचे रोलही याच मापात यायचे. म्हणजे कित्येक मराठी घरांत आजी-आजोबांच्या वेळचे काठाला पांढरी पट्टी सोडलेले चौकोनी फोटो आहेत, ते मिडियम फॉरमॅटच आहेत. त्या कॅमेऱ्यांत फिरवायला जवळपास काहीच नव्हतं, तरी ते फोटो आजही टिकून आहेत. निगेटिव्ह मोठी असली की साध्या भिंगाचंही बरंच निभावून जातं.

*

एकाच रोलमधून किती फोटो, हे कॅमेऱ्याच्या मापावर. सहा बाय साडेचार असेल तर पंधरा-सोळा, सहा बाय सहा असेल तर बारा, सहा बाय सात असेल तर दहा, सहा बाय नऊ असेल तर आठ.

सहा बाय नऊच्या निगेटिव्हचा मोह मला कळतो. पण आठ फोटोंनंतर रोल बदलायचा, तोही धारेवरच्या वाऱ्यात, हे मला लांबच्या चालीत जमण्यातलं वाटत नाही. बाराचा आकडा चालणाऱ्याच्या सोयीचा आहे. राजगड–तोरणा दोन दिवसांत करायचा तर तीन रोल पुरतात, आणि तीन रोल विंडचीटरच्या एका खिशात राहतात.

*

पेर्केओ उघडताना काय काय होतं ते क्रमाने लिहितो, कारण घडीचा कॅमेरा घ्यायचा की नाही हे यावरच ठरतं.

वरचं बारीक बटण दाबलं की पुढचं झाकण सुटतं. त्याला आपोआप उडू द्यायचं नाही, बोट लावून सावकाश खाली आणायचं. शेवटी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कट् करून बसतात आणि भात्याच्या टोकाला लेन्स ताठ उभी राहते. मग पाठीवरच्या लाल खिडकीची झडप सरकवायची, अंगाची सावली खिडकीवर धरायची आणि चावी फिरवायची. खिडकीतून काळा कागद सरकताना दिसतो, आधी खुणेचे बारीक गोल येतात, चावीचा वेग तिथेच कमी करायचा, आणि मग आकडा मध्यभागी येऊन थांबतो. झडप बंद. अंतर, अ‍ॅपर्चर, वेग. शटरचा खटका वेगळा ताणायचा. फोटो.

सराव झाला की या सगळ्याला अर्ध्या मिनिटाच्या आत वेळ लागतो. पाठीवरची सॅक उतरवून, चेन उघडून, गुंडाळलेल्या टॉवेलमधून मोठा कॅमेरा बाहेर काढायला याहून बराच जास्त लागतो, आणि पुढे गेलेला ग्रुप तेवढ्यात झाडीत दिसेनासा होतो.

(पेर्केओ २ मध्ये लाल खिडकी फक्त पहिल्या फ्रेमपुरती लागते, पुढे चावी आपली आपण थांबते. मिळाला तर तोच घ्यावा.)

*

फिल्म पुढे घ्यायची ती कॅमेरा उघडल्यावर, आधी घेऊन ठेवायची नाही. मिटलेला भाता उघडताना आत हवा खेचली जाते, तिच्याबरोबर फिल्मही पुढे फुगते आणि फोटोचा मध्यभाग मऊ येतो. उघडून मग चावी फिरवली की फिल्म पुन्हा ताणून सपाट बसते. जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांची लेन्स ‘शार्प नाही’ म्हणून जी तक्रार होते, तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

*

१९६९ साली अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून निघाले तेव्हा पृष्ठभागावर वापरलेला हॅसलब्लाड आणि त्याची लेन्स तिथेच ठेवून आले. आणलं ते फक्त फिल्मचं मॅगझिन. परतीच्या यानात दगडांचं वजन मावायला हवं होतं.

*

रेंजफाइंडर हवाच का? पेर्केओ, साधा नेट्टार, साधा इकॉन्टा यांत तो नसतो. अंतर डोळ्याने जोखायचं आणि रिंगवर लावायचं. निसर्गचित्रांसाठी एवढं पुरतं, असं माझं ठाम मत आहे. हिशोब सोपा आहे: ८० ची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ ११, रिंग बारा मीटरच्या जवळपास ठेवली, तर साधारण सहा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. झाइस इकॉनने तर हे रिंगवरच लाल टिंबाने दाखवून ठेवलं होतं. अंतराचं टिंब आणि अ‍ॅपर्चरचं टिंब जुळवा आणि घ्या फोटो.

जवळच्या माणसाचा फोटो घ्यायचा असेल तिथे मात्र अंदाज चुकला की डोळे धूसर येतात. ट्रेकिंगची काठी एकशेवीस सेंटिमीटरवर बांधलेली असते, ती पुढे धरली की तीच टेप. एक काठी, दीड काठी, दोन काठ्या. किंवा शूमध्ये बसणारा जुना सुटा रेंजफाइंडर मिळतो, काडेपेटीहून फार मोठा नसतो.

*

पाचनईच्या बाजूला एका घरी पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर उंबऱ्यात बसलेल्या मावशींना फोटो काढू का म्हणून विचारलं. त्यांनी पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या, “ह्यो घडीचा हाय व्हय? आमच्या लग्नात असलाच होता फोटोवाल्याकडं.”

दीड काठीचं अंतर. दारातून येणारा उजेड एका गालावर, मागे चुलीकडचा काळोख. एफ ४, एकपंचविसांश सेकंद, कॅमेरा दाराच्या चौकटीला टेकवलेला. शटर इतकं हळू वाजतं की त्या पुढे किती तरी वेळ तशाच बसून राहिल्या.

“झाला?”

“झाला, मावशी.”

“मग दाखव की.”

फिल्म आहे, धुवायला लागते, हे सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली आणि पत्ता लेकाकडून लिहून घ्यायला लावला. प्रिंट पोचली. असा फोटो मोठ्या कॅमेऱ्याने निघाला नसता असं नाही, पण मोठा कॅमेरा त्या वेळी सॅकच्या तळाशी, स्लीपिंग बॅगखाली असता.

*

याशिका, रोलाइकॉर्ड हे दोन भिंगांचे कॅमेरे मला मनापासून आवडतात. वरून वाकून काचेत बघायचं, समोरचा माणूस बिचकत नाही, चौकोन किती स्वच्छ दिसतो. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांनी उगाच त्यांच्यावर आयुष्यं काढली नाहीत. पण ते मिटत नाहीत. गळ्यात अडकवले तर शिडीवर छातीशी आपटतात, सॅकमध्ये टाकले तर एका डब्याची जागा खातात. किल्ल्याच्या पायथ्याला गाडी जाते अशा एक दिवसाच्या भटकंतीला खुशाल न्यावेत. अलंग-मदन-कुलंगला नको.

*

मामिया ७ बद्दल. १९९५ साली आलेला, सहा बाय सातचा, रेंजफाइंडरवाला. त्याच्या लेन्सइतक्या स्वच्छ लेन्स मिडियम फॉरमॅटमध्ये थोड्याच असतील. त्याच्या निगेटिव्हवरून केलेली मोठी प्रिंट जवळून पाहिली की हे पटतं. आकाराच्या मानाने हलकासुद्धा आहे. तरी लांबच्या चालीसाठी मी त्याचं नाव पहिलं घेत नाही, त्याची कारणं दोन.

एक, शटर बॅटरीवर चालतं. हिमालयात चार हजार मीटरवर पहाटेच्या थंडीत बॅटरी मान टाकते. तिला खिशात, अंगाच्या उबेला ठेवणं हा उपाय आहे, पण मग ऐन वेळी ती घालणं आलं. जुन्या काँपूर किंवा प्रोंटर शटरला बॅटरीचा संबंधच नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आज त्याची किंमत लाखांच्या घरात आहे. एवढा महाग कॅमेरा बरोबर असला की घसाऱ्यावर माणूस स्वतःआधी त्याला सांभाळतो. पाऊस भुरभुरला की तो पहिला आत जातो. शिडी आली की आत, ओढा आला की आत. कॅमेऱ्याबद्दलची भीती ही वजनातच धरायला हवी, कारण तीसुद्धा दिवसभर वाहायची असते. ज्यांना ती वाटत नाही त्यांनी मामिया ७ जरूर न्यावा, त्याच्याहून चांगलं चित्र इतक्या कमी वजनात मिळणं कठीण.

*

फुजी जीएस ६४५ एस. १९८४ चा, ६० मिलिमीटरची लेन्स, लेन्सभोवती धक्का झेलणारी दांडी. बांधणी प्लॅस्टिकची, वजन पाऊण किलोच्या जरा वर. शटर यांत्रिक, बॅटरी फक्त मीटरला. हा सरळ धरला की फ्रेम उभी येते, आडव्या फोटोसाठी कॅमेरा उभा करावा लागतो. कित्येकांना हे खटकतं. पण आपला सह्याद्री उभाच आहे: कडे, नळ्या, सुळके, धबधबे. घडीचा कॅमेरा नको आणि रेंजफाइंडर हवा, असं म्हणणाऱ्याला मी हाच सुचवेन. घडीचा जीएस ६४५ त्याच्या आदल्या वर्षीचा. तो घ्यायचा तर भाता बदललेला आहे का हे आधी विचारावं.

*

हरिश्चंद्रगडावरून कर्नल साइक्सने १८३५ मध्ये इंद्रवज्र पाहिल्याची नोंद सगळे ट्रेकर सांगतात. ते दिसायला सूर्य पाठीशी आणि ढग समोर, खाली हवा. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे वेळ सकाळची, आणि कोकणातून ढग दरीत चढलेले हवेत. संपूर्ण वर्तुळ, मधोमध आपली सावली. चौकोनी फ्रेमला याहून चांगला विषय मला माहीत नाही. रंगीत निगेटिव्ह फिल्मचा एवढ्यासाठी एक तरी रोल बरोबर असावा.

*

ढगात मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्यावा, नाहीतर पांढरं धुकं राखाडी येतं. काळ्या कातळावर मीटर धरला तर नेमकं उलट होतं: कातळ राखाडी येतो आणि आकाश जळून जातं. कातळातल्या पायऱ्या आणि वरचं आकाश एकाच फोटोत असेल तर मी उन्हातल्या गवतावर मीटर धरतो.

वेगळा मीटर नेत नाही. फोन बरोबर असतोच, त्यातलं मीटरचं अ‍ॅप पुरतं. फोन झोपला तर जुना नियम आहे: लख्ख उन्हात एफ १६, आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका. शंभरची फिल्म आणि शटरवर एकशतांश सेकंद, हे तर एकमेकांसाठीच केल्यासारखे आहेत. पावसाळी ढगाळ दिवसात एफ ५.६ किंवा ४.

*

ट्रायपॉड? नाही. तटबंदी आहे, जंग्या आहेत, देवडीचा कट्टा आहे. सकाळच्या नाश्त्याच्या पोह्यांची पिशवी दगडावर ठेवून तिच्यात कॅमेरा दाबून बसवला की हलत नाही. केबल रिलीज मात्र न्यावी, वजन नगण्य. ज्यांना ट्रायपॉड लावायचाच आहे त्यांच्यासाठी: जुन्या जर्मन कॅमेऱ्यांच्या बुडाला पुष्कळदा पाव इंचाऐवजी ३/८ इंचाचा आटा असतो. त्यात बसणारी छोटी पितळी बुश मिळते, ती आधीच बसवून घ्यावी.

*

मॅलरी आणि अर्विन १९२४ साली एव्हरेस्टच्या माथ्याकडे निघाले तेव्हा त्यांच्याजवळ कोडॅकचा घडीचा व्हेस्ट पॉकेट कॅमेरा होता, सहकारी सॉमरवेलचा. त्यात १२० पेक्षा लहान, १२७ ची फिल्म. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला, कॅमेरा सापडला नाही. ते माथ्यावर पोचले होते का, याचं उत्तर त्या फिल्ममध्ये असेल ही आशा गिर्यारोहकांनी सोडलेली नाही. बर्फात गोठलेली निगेटिव्ह इतक्या वर्षांनीही धुता येईल, असं मानणारे जाणकार आहेत. शेवटच्या टप्प्यावर न्यायचा तो कॅमेरा खिशात मावणारा, हे त्यांनाही कळलं होतं.

*

पावसाळा. मुंबईत आणि कोकणात लेन्सवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. चामड्याच्या कव्हरात कॅमेरा कधीच ठेवू नये, चामडं ओल धरतं. ट्रेकवरून आलं की कॅमेरा उघडून वाऱ्यावर ठेवावा, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. रोल भरेपर्यंत त्याच्या चकचकीत पाकिटातच असू द्यावा, मागचा कागद ओला झाला की फिल्मला चिकटतो. संपलेला रोल घट्ट गुंडाळून त्याची पट्टी चिकटवावी आणि वर रबर लावावं. सैल राहिला तर कडेने उजेड शिरतो.

विमानाने जायचं असेल तर रोल हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत, आणि तपासणीला हाताने पाहण्याची विनंती. नव्या सीटी स्कॅनरमधून एकदा गेलेली फिल्मही धुरकट होऊ शकते.

*

एक तरुण मित्र ऑक्टोबरात नाणेघाट ते भीमाशंकर चालणार आहे. घडीचा कॅमेरा घेतोय, काय बघू म्हणून विचारतोय. त्याला लिहिलेलं इथे उतरवतो.

अंधाऱ्या खोलीत पाठ उघडून भात्याच्या आत टॉर्च धर आणि बाहेरून प्रत्येक घडीचे कोपरे बघ. टाचणीएवढं भोक असलं तरी ताऱ्यासारखं चमकतं. आग्फा इझोलेटच्या भात्यांना ही भोकं सर्रास असतात, आणि त्यांच्या पुढच्या रिंगमधलं जुनं ग्रीस सुकून रिंग आवळून बसते. विकणारा ‘जरा टाइट आहे’ म्हणाला तर समजून जा. शटर एक सेकंदावर लावून कान दे. गुरगुर मध्येच अडखळली तर तेल सुकलंय, साफ करून घ्यावं लागेल. वरचे वेग ठीक असले तर उन्हातलं काम होऊन जाईल. लेन्स उजेडासमोर धरून आरपार बघ. झाकण उघडल्यावर लेन्स हलवून बघ, डगडगत असेल तर कॅमेरा सोडून दे, ती जुळणी परत नीट बसवणारे कारागीर आता फार थोडे आहेत. लाल खिडकीच्या झडपेवर काळी पट्टी लाव, चारशेच्या फिल्मला लागेलच.

पिवळा फिल्टर घे. ऑक्टोबरात आकाश निळं आणि ढग पांढरे असतात, एक स्टॉप देऊन दोन्ही वेगळे येतील. कॅमेरा सॅकमध्ये ठेवू नकोस, कमरेच्या पट्ट्याला कापडी पाउच शिवून घे, झाकण वरून उघडणारं. आणि नवा घेतलेला जुना कॅमेरा थेट वाटेवर नेऊ नकोस. एक रोल घराच्या गच्चीत संपव, धुऊन आण, उजेड कुठून शिरतोय का आणि रिंगवरचं अंतर खरं आहे का ते बघ, मगच घाटघरची एसटी धर.